एकटीचं टेबल

कोरियातल्या जॉन्जू शहराच्या सामचनदोंग भागात मक्कल्लीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, गल्ली आहे. त्या गल्लीतल्या 'विहीरघर' नावाच्या बारमध्ये मी स्वयंपाक करते. मुगाची धिरडी, उकडलेलं डुकराचं मटण, तिसऱ्यांचं पातळ कालवण, आंबवलेल्या भाज्यांची दहा तऱ्हेची कीमची, सगळं माझ्याच हातचं. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये एक रुंद खिडकी आहे. तिच्यातून थाळ्या बाहेर जातात आणि बाहेरचं सगळं बोलणं आत येतं. जमसून नावाच्या बाईबद्दल जे सांगतेय, ते बरंचसं मी त्या खिडकीतूनच पाहिलंय.

जमसूनताई साठीची. बुटकी, पण खांदे पैलवानाचे. आमच्या भागातल्या हमाममध्ये, बायकांच्या बाजूला, अंग घासून द्यायचं काम तिचं. गरम पाण्यात बसून अंग मऊ झालं की बायका तिच्या बाकावर आडव्या होतात, आणि ती खरखरीत हातमोजा चढवून मानेपासून टाचेपर्यंत मळ काढते. नवरा तरुणपणी कामासाठी आन्सानला गेला, तो तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. "गावातल्या पाठी मला पाठ आहेत," असं ती हसत म्हणायची, आणि ते खरंच होतं.

गुरुवारी हमाम बंद. त्या दिवशी जमसूनताई उशिरा उठायची, दुपारी परत झोपायची, मग केस धुऊन, गडद लिपस्टिक लावून, कानात खोट्या मोत्यांच्या कुड्या घालून दिवेलागणीला विहीरघरात हजर व्हायची. बरोबर तिची मैत्रीण यंगशिम. यंगशिमचं बाजारात गोधड्यांचं दुकान होतं. दोघी कोपऱ्यातल्या टेबलावर बसायच्या आणि किटली मागवायच्या.

आमच्याकडे खायला वेगळं मागवावं लागत नाही. मक्कल्लीची किटली आली की तिच्यामागून ताटल्या येतात, टेबलाचं लाकूड दिसेनासं होईपर्यंत. दुसरी किटली घेतली की आणखी चांगल्या ताटल्या येतात, तिसरीला त्याहून चांगल्या. या दोघी तीन संपवायच्या. आधी किटली न हलवता वरचं निवळ प्यायच्या, मग तळातली तांदळाची साय ढवळून घ्यायच्या. कुजवलेल्या पाकटाचा तुकडा तोंडात टाकून नाकातून पाणी आलं की एकमेकींकडे बघून खिदळायच्या. मग यंगशिम गायची. आवाज फाटका, पण शेजारची टेबलंसुद्धा चमच्यांनी ताल धरायची. तिथून उठून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायच्या. ते संध्याकाळी खुर्च्या मांडून बिअर विकतं आणि सुका मासा भाजून, हातोडीने ठेचून देतं. असा गुरुवार त्यांनी कधी चुकवला नाही.

मग यंगशिमच्या लेकीला उल्सानमध्ये बाळ झालं, आणि दुकान विकून यंगशिम बाळ सांभाळायला गेली. शेवटच्या गुरुवारी दोघी फार बोलल्या नाहीत. निघताना यंगशिम मला खिडकीतून म्हणाली, "कुमह्वा, हिला सांभाळ गं." जमसूनताई मागून ओरडली, "मी काय तान्ही आहे?"

पुढच्या गुरुवारी जमसूनताई आली. तीच लिपस्टिक, त्याच कुड्या. सरळ आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

बारची मालकीण मिंजा ही माझी भावजय. माणूस वाईट नाही, पण धंद्याच्या बाबतीत कडक. ती टेबलाशी गेली.

"ताई, आणखी कोण येतंय?"

"कोणी नाही. मी आलेय ना."

"ताई, आपल्याकडे एकट्याला देत नाहीत, तुला ठाऊक आहे. अख्ख्या गल्लीत देत नाहीत. एवढ्या ताटल्या एका माणसासाठी मांडायच्या, आणि चार जणांचं टेबल अडवायचं..."

"मग दोघांचं मांड. मी दोघांएवढी पिते."

शेजारी चार पुरुष बसले होते, कुठल्याशा कारखान्यातले. त्यांतला एक जण वळून म्हणाला, "काकू, नवरा कुठे सोडलात?"

"तुझ्या बायकोकडे ठेवलाय," जमसूनताई म्हणाली. टेबल हसलं, तो लाल झाला. मिंजाने त्या दिवशी निमूटपणे किटली आणून दिली. पण मला दिसत होतं, तिच्या मनातून ते गेलं नव्हतं. दारात दोन मोठे घोळके जागा नाही म्हणून परत गेले होते.

पुढच्या गुरुवारी दारावर पुठ्ठा लागला. मिंजाच्या ठसठशीत अक्षरात: 'एकट्याने येणाऱ्यांनी क्षमा करावी.' जमसूनताई आली, पुठ्ठ्यासमोर उभी राहिली, सगळं नीट वाचलं आणि आत येऊन कोपऱ्यात बसली.

"ताई, बाहेर लिहिलंय," मिंजा म्हणाली.

"वाचलं. क्षमा केली तुला."

"मी वाढणार नाही हं."

"नको वाढूस."

आणि ती बसून राहिली. दोन्ही हात टेबलावर पसरून, पाठ ताठ. आजूबाजूला किटल्या खणखणत होत्या, धिरड्यांचा वास सुटला होता, लोक ओरडून एकमेकांना भरवत होते, आणि मधोमध हे एक रिकामं टेबल. त्यावर पाण्याचा पेलाही नाही. मी एकदा आमटीची वाटी खिडकीत ठेवली, तर मिंजाने ती उचलून परत आत सरकवली. लोक आधी हसले, मग कुजबुजले, मग त्यांना अवघडल्यासारखं होऊ लागलं. एका तरुण जोडप्याने आपल्या ताटलीतलं धिरडं तिच्यापुढे आणून ठेवलं. तिने मान लववून आभार मानले आणि ताटली परत दिली. "पोरांनो, मी भुकेली नाही. मी गिऱ्हाईक आहे."

दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा ती उठली, खुर्ची नीट आत सारली, "येते," म्हणाली आणि गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. रात्री मिंजा भांडी आपटत म्हणाली, "ही बाई मला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही!"

मी म्हटलं, "तू तिला जागा दे, म्हणजे तुला मिळेल." त्यावर तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

पण सोमवारी आम्हा दोघींचा हमामचा दिवस. नणंद-भावजय भांडलो तरी तो चुकत नाही. मिंजाला वाटलं होतं, आज जमसूनताई नाही म्हणेल, किंवा कातडी सोलून काढेल. तसं काही झालं नाही. जमसूनताईने बाकावर गरम पाणी ओतलं, आणि नेहमीसारखी थाप मारून म्हणाली, "ये, पड."

मिंजा पालथी पडली. मी शेजारच्या कट्ट्यावर डोक्यावरून पाणी घेत होते. जमसूनताईने हातमोजा चढवला आणि घासायला सुरुवात केली. मान, खांदे, फासळ्यांची बाजू.

मग ती म्हणाली, "डावा खांदा आखडलाय तुझा. जड पातेली उचलतेस."

"हं."

"मिंजा, तू आज कोणाबरोबर आलीस?"

"कुमह्वाबरोबर आलेय की."

"पण बाकावर एकटीच पडलीस ना? दोघी पडत असाल तरच घासते, असं म्हणाले का मी तुला?"

मिंजाने हनुवटी हातांवर टेकवली.

"बाक चांगला लांबरुंद आहे. दोन बारीक बायका मावतील. तू एकटी पडतेस तेव्हा अर्धा वाया जातो. मी म्हटलं कधी?" एवढं बोलून तिने मिंजाच्या ओल्या पाठीवर सणसणीत थाप मारली. "वळ. आता पोट."

मिंजा वळली. तिचं तोंड वाफेने लाल होतं की कशाने, कोण जाणे. छताकडे बघत ती पुटपुटली, "गुरुवारी ये. पण लवकर ये, गर्दीच्या आधी."

"मी गर्दीतच येणार," जमसूनताई म्हणाली. "रिकाम्या बारमध्ये कोण बसतं? त्यापेक्षा घर काय वाईट?"

आमचं हसू त्या वाफेत घुमलं. घरी जाताना मिंजाने स्वतःच्या हाताने पुठ्ठा काढला आणि माझ्या चुलीजवळ आणून टाकला.

गल्लीत मात्र ही गोष्ट पसरली होती. जमसूनताईचा धाकटा भाऊ दोंगसू सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, चर्चमध्ये मान असलेला, आपल्या इमारतीच्या सोसायटीचा अध्यक्ष. त्याच्या मुलाचं, हेसंगचं, लग्न ठरत होतं. एका गुरुवारी तो थेट विहीरघरात आला. कोट, टाय, हातात छत्री. जमसूनताईने नुकती वाटी भरली होती.

"अक्का, ऊठ."

"बस की."

"मी बसायला आलो नाही."

"मग उभा राहा. पण पंख्यासमोरून बाजूला हो, वारा अडतोय."

आजूबाजूची टेबलं गप्प झाली. दोंगसू आवाज दाबून बोलत होता, पण माझ्या खिडकीपाशी सगळं पोचत होतं.

"लोक काय बोलतात, माहितीये तुला?"

"माहितीये. सगळे माझ्याकडेच पाठी घासायला येतात."

"मुलीकडच्यांनी तुला काचेतून पाहिलं. मला विचारलं, ती बाई एकटीच दारू पीत बसते, ती तुमची कोण? मी काय सांगू?"

"सांग, सख्खी बहीण. आणि सांग की पिते, पण सांडत नाही."

"थट्टा करू नकोस. मी तुला पिऊ नको म्हणतोय का? घरी पी. बाटल्या मी आणून देतो. दार लावून घे आणि हवी तेवढी पी. फक्त असं चारचौघांत, एकटीने..."

जमसूनताईने वाटी खाली ठेवली. आता ती हसत नव्हती.

"दोंगसू, आपली आई प्यायची, तुला माहितीये?"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"अप्पा रोज संध्याकाळी चौकातल्या बारमध्ये बसायचे. दहा मित्र, गाणी, आरडाओरडा. गावाला त्यांचं कौतुक. आणि आई स्वयंपाकघरालगतच्या, सोयाबीन मुरवायच्या रांजणांमागे बसून प्यायची. उकिडवी. पितळेची एक वाटी तिने मधल्या रांजणामागे लपवली होती. तुला कसं माहीत असणार? मुलगा म्हणून तुला स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाहीत. मी पाहायची. ती घाईघाईने प्यायची, चव घेतल्याशिवाय, पावलं वाजली की तोंड पुसायची. आयुष्यभर तिने एक घोट सावकाश घेतला नाही. ती गेली तेव्हा ती वाटी मी धुतली."

दोंगसू छत्रीच्या मुठीकडे बघत होता.

"मी दार लावून पिणार नाही," जमसूनताई म्हणाली. "मी दिव्याखाली पिणार. लिपस्टिक लावून. तुझ्या व्याह्यांना सांग, पुन्हा काचेतून बघू नका म्हणावं, आत या."

"मग लग्नाला येऊ नकोस," दोंगसू म्हणाला. तो गेला. छत्री मात्र विसरला, आणि ती घ्यायला परत आला नाही.

लोक हळूहळू आपापल्या गप्पांकडे वळले. जमसूनताईने वाटी हातात धरली, पण बराच वेळ ओठाला लावली नाही. मी खेकड्याचा एक तुकडा, सोयाच्या रसात मुरवलेला, खिडकीत ठेवला. हा खेकडा तिसऱ्या किटलीबरोबरच द्यायचा, असा मिंजाचा नियम. मिंजाने पाहिलं, आणि तो उचलून स्वतःच तिच्यापुढे ठेवला. "खा ताई." जमसूनताईने खेकडा खाल्ला, कवच चोखून चोखून खाल्ला, बोटं चाटली, आणि मग तळातली साय ढवळून वाटी एका दमात रिकामी केली.

आता मिंजाच्या डोक्यात नवीनच किडा शिरला. एक सज्जन विधुर होता, ओ आडनावाचा, शाळेची बस चालवणारा. तोही एकटाच यायचा आणि 'एकट्याला देत नाही' ऐकून परत जायचा. मिंजाला वाटलं, झालं काम! दोन एकटे मिळून एक टेबल. तिने त्याला आणून जमसूनताईसमोर बसवलं. "ओळख करून घ्या, गप्पा मारा," म्हणाली आणि आत येऊन मला डोळा मारला.

जमसूनताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो बिचारा टोपी काढून हातात फिरवत होता.

"साहेब, तुम्ही भले दिसता," ती म्हणाली. "पण मला जोडीदार नकोय."

"मी... मालकीणबाई म्हणाल्या म्हणून..."

"दिवसभर माझ्या हाताखाली बायका असतात. सुनेने काय केलं, नवऱ्याचा बीपी किती, मुलाचे मार्क किती. मी सगळं ऐकते, हं हं करते, घासते. गुरुवारी मला माणसं हवी असतात. आवाज हवा असतो, गाणी हवी असतात, कुणाचं भांडण जुंपलं तर तेही चालतं. पण त्यातलं काही माझ्या हाताखाली नको. मला नुसतं मधोमध बसायचं असतं. कळतंय का?"

ओसाहेबांनी सुस्कारा सोडला. "दिवसभर माझ्या मागे चाळीस पोरं किंचाळतात," ते म्हणाले. "मलाही बोलायचं नव्हतं हो. पण नाही म्हणायची भीती वाटली."

"मग त्या टेबलावर जा. आणि पाठ माझ्याकडे करून बसा."

"मावशी!" ओसाहेब उठून मिंजाला म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोठा निघाला. "मलाही वेगळी किटली!"

मिंजाने कपाळावर हात मारला. आता एका गुरुवारी दोन टेबलं अडली होती. ती माझ्या भावावर, म्हणजे स्वतःच्या नवऱ्यावर, ओरडली. त्याने दुसऱ्या दिवशी करवत आणली, चार जणांचं एक जुनं टेबल मधोमध कापलं, दोन्ही तुकड्यांना नवे पाय ठोकले आणि ते भिंतीलगत मांडले. मी लहान ताटल्या काढल्या. किटलीही लहान आणली, पण मक्कल्ली तीच आणि धिरडंही तेवढंच कुरकुरीत. जमसूनताई नव्या टेबलाशी बसली, ते हलवून पाहिलं, "डुगडुगतंय," म्हणाली, आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

हेसंगच्या लग्नाला मात्र ती गेली. मला तिने नंतर सांगितलं. जेडच्या हिरव्या रंगाचा हानबोक, आमचा सणासुदीचा पोशाख, घातला, केस सेट करून घेतले आणि वऱ्हाडाच्या रांगेत जाऊन बसली. दोंगसूने पाहिलं आणि मान फिरवली. फोटोग्राफरने घरच्यांना बोलावलं तेव्हा तिला कुणी हाक मारली नाही. "पण कुणी हाकललंही नाही," जमसूनताई म्हणाली. "म्हणून जाऊन उभी राहिले. कडेला नाही हं, मागच्या रांगेत, पण मधोमध." हेसंग वाकून नमस्कार करायला आला, तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मान आखडलीय तुझी. रात्री शेक घे."

व्याह्यांनी काही विचारलं का? विचारलं. मुलीच्या आईने विचारलं, तुम्हीच का त्या गुरुवारच्या? जमसूनताईने हो म्हणून सांगितलं. त्या बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. ते बरं कसलं होतं, ते जमसूनताईलाही कळलं नाही, आणि तिने शोधही घेतला नाही.

दोंगसू तिच्याशी अजून बोलत नाही. सणाला घरी बोलावत नाही. त्याचं तिला काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. सणाच्या गुरुवारी ती येते तेव्हा दुसऱ्यांदा लिपस्टिक लावते, आणि मला ठाऊक आहे, पहिली डोळे-तोंड पुसताना गेलेली असते. पण ती येते. एकदा मी म्हटलं, "ताई, आजच्या दिवस भावाकडे जाऊन माफी मागितलीस तर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी धिरड्याला तेल सोडायला वळले.

मागच्या हिवाळ्यात हेसंग आला होता. एकटाच, डोळे सुजलेले. बायकोशी भांडून आला होता बहुतेक. तो सरळ आत्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "आत्या, बसू का?"

"शेजारचं टेबल रिकामं आहे," ती म्हणाली. "इथे एकच खुर्ची मावते."

तो शेजारी बसला. तिने त्याच्यासाठी किटली मागवली, आणि मला खिडकीतून ओरडून सांगितलं, "कुमह्वा, पोराला खेकडा दे, नियम बियम काढू नकोस." मग ती आपल्या वाटीकडे वळली. तासाभराने तो स्वतःहून बोलू लागला, दोन टेबलांमधून. ती ऐकत होती, पण हं हं करत नव्हती. मधेच म्हणाली, "हे तुझ्या बायकोला सांग, मला नको. आता गप्प बसून ते गाणं ऐक." मागच्या टेबलावर कोणी बेसूर गात होतं. हेसंगने ऐकलं. घरी गेला तेव्हा त्याचे गाल लाल होते आणि पावलं जरा वाकडी पडत होती.

जमसूनताई नेहमीसारखी उठली, कुड्या सारख्या केल्या, ओसाहेबांच्या पाठीला "येते हो" म्हणाली आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाली. तिथे सुका मासा ठेचल्याचे ठोके आमच्या दारापर्यंत ऐकू येत होते.